लुपाताईंचा अर्धा पीळ

चिखलीतल्या एका लग्नात, पंगतीला बसल्या बसल्या, आमच्या आत्याबाईंनी मला भर मांडवात विचारलं, "व्हय गं सूनबाई, तू कंपनीत नेमकं करती तरी काय?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. तलाठी, वकील, बिल्डर सगळे त्यांनी ओट्यावर बसवून चहा पाजून परत पाठवलेले. पण दुभाषी हा प्राणी त्यांच्या पाहण्यात नव्हता.

"एक माणूस त्याच्या भाषेत बोलतो, आत्याबाई. ते मी दुसऱ्याला मराठीत सांगते."

"आन् दुसरा बोलला की?"

"ते पहिल्याला त्याच्या भाषेत सांगते."

"म्हंजी तू सोताचं काय बोलतच न्हाईस?"

"नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर."

आत्याबाईंनी जिलबी मोडली आणि शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "आन् ह्याचे तिला पैशे देत्यात बघ. घरात ही घटकाभर गप बसावी म्हनून आमी फुकाट नवस बोलतोय."

माझ्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

मी स्पॅनिशची दुभाषी. कॉलेजात असताना जर्मन शिकायला गेले होते, सगळे जायचे म्हणून. त्या वर्गात जागा उरली नव्हती आणि शेजारच्या स्पॅनिशच्या वर्गात सहाच टाळकी होती. तिथल्या बाईंनी मला दारात घुटमळताना पाहिलं आणि दंड धरून आत ओढलं. पुढे चाकणला गाड्यांचे कारखाने आले, त्यांच्यामागे सुटे भाग करणारे आले, त्यांच्यामागे यंत्रं बसवायला स्पेनचे आणि मेक्सिकोचे लोक आले. त्या एका ओढण्यावर माझी वीस-बावीस वर्षं निघाली.

आमच्या कामाचे नियम दोन. पहिला, जो बोलतो त्याच्या तोंडाने बोलायचं. "ते असं म्हणतात की" हे चालत नाही, सरळ "मी" म्हणायचं. त्यामुळे या पट्ट्यात मी अनेकदा टकला पुरुष झालेली आहे. एका स्पॅनिश फिटरला दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा "माझी मूळव्याध फारच बळावली आहे" हे वाक्य मी इतक्या तळमळीने टाकलं की डॉक्टरांनी पथ्याचा कागद माझ्याच हातात ठेवला आणि "मॅडम, तिखट बंद करा" म्हणून बजावलं. चिंचवडच्या हौशी मंडळीत नाटकं केलेली आहेत, त्यामुळे हा भाग मला मनापासून आवडतो. माद्रिदचे एक साहेब मीटिंगमध्ये भडकले तेव्हा त्यांच्यापेक्षा जोरात टेबल मी आपटलं होतं.

दुसरा नियम जास्त कडक. भर घालायची नाही आणि गाळायचं नाही. शिवी असेल तर शिवी, थाप असेल तर थाप. तो नियम मी इतक्या वर्षांत एकदाच मोडला, आणि तो पुरणपोळीपायी. ती गोष्ट सांगायची म्हणजे लुपे सांगायला हवी.

चाकणच्या एका कंपनीतून गाडे साहेबांचा फोन आला. "मॅडम, मेक्सिकोहून एक बाई येणार आहेत. वर्षभर. आमच्या मुलींना हार्नेस शिकवायला. सकाळी गेटवर या, स्वागत करायचंय." मी गेले. गाडे साहेब पुष्पगुच्छ घेऊन उभे, मागे फोटो काढणारा. पावणेआठ, आठ, सव्वाआठ. परदेशी बाईंचा पत्ता नाही.

बाई सात वाजताच आल्या होत्या. पाच फुटाला दोन बोटं कमी, रंग आपल्यासारखा, पाठीवर जाडजूड वेणी, हातात डबा. सिक्युरिटीवाल्याने पाहिलं आणि हात करून सांगितलं, "कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं गेट पलीकडं, मावशी." त्या पलीकडे गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या, पर्स उघडून दाखवली, झडती दिली आणि आत जाऊन बायकांबरोबर बाकावर बसल्या. सापडल्या तेव्हा चहा पीत होत्या.

गाडे साहेबांनी सिक्युरिटीवाल्याला फाडून खाल्लं. मी लुपेला विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ती म्हणाली, "पंचवीस वर्षं मी अशाच रांगेतून आत जाते, सेन्योरा. पाय आपोआप तिकडे वळले. बसल्यावर आठवलं, की मी आता साहेब आहे."

बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं लुपाताई करून टाकलं.

हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींची जुडी. माणसाच्या अंगात शिरा असतात तशी ती गाडीभर फिरते. ती यंत्राला जमत नाही, हातानेच करावी लागते. उभा तिरका बोर्ड असतो, त्यावर खऱ्या मापाचं चित्र आणि चित्रावर खुंट्या. बायका एकेक वायर खुंट्यांमधून ओढत नेतात, जुडी जमली की टेप गुंडाळतात. दिवसभर उभ्याने. जगभर हे काम बायकाच करतात. कारण विचारलं की साहेब लोक "नाजूक बोटं" म्हणतात. बोटं मी पाहिली आहेत. नाजूक नाहीत.

आमच्या लाइनवर चाळीस जणी होत्या, सगळ्या कंत्राटी. त्यांची पुढारीण शकुंतला. परभणीकडची, कुरुळीत एका खोलीत राहणारी, पदरात नऊ वर्षांची मुलगी. तिच्याइतका साफ हात मी पाहिला नाही आणि तिच्याइतकं तोंडही.

काम होतं गाडीच्या दाराच्या हार्नेसचं. ते अवघड, कारण दार उघडतं आणि मिटतं. वायरींची जुडी बिजागरीपाशी एका रबरी नळीतून जाते आणि दर वेळी तिथे वाकते. म्हणून नमुना पास करण्याआधी एक यंत्र ते दार हजारो वेळा उघडतं आणि मिटतं. आत एक जरी वायर तुटली तरी नमुना नापास.

आमचा पहिला नमुना नापास झाला. बायकांनी जीव ओतून दुसरा केला. तोही त्याच जागी तुटला. गाडे साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. मी लुपेच्या कानाशी उभी होते.

"तिसरा नमुना शेवटचा," साहेब म्हणाले. "तो गेला तर हे काम दुसरीकडे जाईल. मग ही लाइन कुणासाठी चालवू? कॉन्ट्रॅक्ट वाढवणं माझ्या हातात राहणार नाही."

"मंग कुनाच्या हातात ऱ्हानार साहेब?" शकुंतलाने विचारलं. "आमच्या हातात तर निस्त्या वायरी हायेत."



आता लुपेबद्दल. कंपनीने तिला रावेतला बाराव्या मजल्यावर तीन खोल्यांचा फ्लॅट दिला होता. त्यातल्या दोन खोल्यांना तिने पहिल्याच दिवशी कुलूप लावलं. "एवढ्या खोल्यांत माणूस हाक कुणाला मारणार?" रावेत ते चाकण गाडीने जाताना रोज जो खोळंबा होतो त्यात माणसाचं अख्खं आयुष्य सांगून होतं, तसं तिचं झालं.

सीमेवरच्या एका शहराच्या कडेला, माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या आणि पुठ्ठ्याच्या घरात ती वाढली. आई श्रीमंतांच्या घरी धुणं धुवायची. बंगल्याच्या मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. सोळाव्या वर्षी लुपे कारखान्यात लागली. वय बसत नव्हतं म्हणून मोठ्या बहिणीचा, चायोचा, जन्मदाखला दाखवून. पुढे खरी चायोही तिथेच कामाला आली, तेव्हा हजेरीवर एकाच नावाच्या, एकाच तारखेला जन्मलेल्या दोन बाया झाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. "आमची नावं कोण वाचतं?" लुपे म्हणाली.

अठराव्या वर्षी तिला मुलगी झाली. मुलीचा बाप कामासाठी सीमेपलीकडे गेला तो तिकडेच मुरला. मग बहिणींनी तोड काढली. दोघींनी कायम उलट्या शिफ्ट मागून घेतल्या. एक आठवडा दिवसा लुपे घरी, एक आठवडा चायो. मुलगी दोघींनाही आई म्हणते. ती आता दातांची डॉक्टर व्हायच्या शेवटच्या वर्षाला होती आणि चाकणची ही वर्षभराची नेमणूक तिच्या शिक्षणासाठीच लुपेने पत्करली होती.

दुसरा नमुना गेल्यावर दोन-तीन दिवसांनी एक गंमत झाली. जेवणाच्या सुट्टीत पोरींनी शर्यत लावली. लुपाताई विरुद्ध शकुंतला, कोण आधी जुडी बांधतं. शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्ला. लुपे जिंकली. मी मात्र तिच्या हातांकडे पाहत राहिले. शिकवताना ती सावकाश करायची, अगदी कागदावरच्यासारखं. शर्यतीत तिचा डावा हात नळीपाशी आला, जुडीला झटकन अर्धा पीळ देऊन मोकळा झाला आणि मग टेप चढली. डोळ्याचं पातं लवावं इतक्यात.

पाहणारी मी एकटी नव्हते.

"मॅडम," शकुंतला म्हणाली, "लुपाताईंना इच्यारा, नळीपाशी हात का फिरवायल्यात?"

मी विचारलं. लुपेने टेपचा रोल खाली ठेवला. "मी हात फिरवत नाही."

थाप असेल तर थाप. "मी हात फिरवत नाही," मी मराठीत सांगितलं, चेहरा कोरा ठेवून.

शकुंतलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी गाडी मोशीला अडकली. लुपे मग म्हणाली, "हे काम इथे जमलं की तिकडची लाइन बंद होणार. मला माहीत आहे, चायोलाही माहीत आहे. मी आले नसते तर दुसरी कुणी आली असती. चायोच म्हणाली, तू जा, पोरीचं वर्ष निघेल. म्हणून आले. जे कागदावर आहे ते सगळं शिकवलं."

"आणि पीळ?"

"तो कागदावर नाही. आमच्याकडेही सुरुवातीला वायरी तुटायच्या. चायोने तो शोधून काढला. साहेबांना सांगितला असता तर परवानग्यांत वर्ष गेलं असतं, म्हणून तिने फक्त आम्हाला शिकवला. तो माझा नाही, सेन्योरा. जोवर तो इथे येत नाही तोवर ती तिथे उभी राहू शकते. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

"कामाच्या वेळात मला मत नसतं," मी म्हणाले. त्या वेळी हे उत्तर मला फार बाणेदार वाटलं होतं.

भाद्रपद आला. मराठवाड्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात. शकुंतला माझ्याकडे आली. "मॅडम, लुपाताईंना सवाष्ण म्हनून बोलवावं म्हन्ते. गुरूबाई हायेत आमच्या. मालक हायेत ना त्यांचे? इच्यारून घ्या. तुमीबी या. तुमच्याबिगर त्या बोलणार कशा?"

म्हणजे मला आमंत्रण होतं ते लुपेचं तोंड म्हणून. मी विचारलं, तुला नवरा आहे का? लुपे म्हणाली, "नाही. कधी नव्हताच. का?"

लुपेच्या डोळ्यांत कुतूहल, शकुंतलाच्या डोळ्यांत आर्जव, आणि माझ्या डोळ्यांपुढे परभणीची पुरणपोळी. बावीस वर्षांचा नियम एका श्वासात गेला.

"आहेत," मी म्हणाले. "तिकडंच कामाला असतात."

कुरुळीतली ती खोली दहा बाय दहाची, वर पत्रा. कोपऱ्यात महालक्ष्म्या उभ्या, नेसवलेल्या, नटवलेल्या, पुढे सोळा भाज्यांचं ताट. लुपेला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. तिने पोळी खाल्ली, दुसरी मागितली, मग मोबाइल काढून मुलीचा फोटो दाखवला, पांढऱ्या कोटातला.

"आगं बया, डॉक्टर!" शकुंतला हरखली. "आन् हिचे वडील कसे हायेत दिसायला?" तिने खुणेनेही विचारलं, मिशीला पीळ देऊन.

मी तोंड उघडायच्या आत लुपेने तळहातावर तळहात पुसला आणि फुंकर मारली. गेला, उडाला. ही खूण जगात कुठेही कळते.

मी ताटातल्या भाजीचा बारकाईने अभ्यास करू लागले.

"मॅडम," शकुंतला म्हणाली, "तुमी तर म्हनलात, कामाला असतेत."

"चुकलं माझं."

तिने ओटीचा नारळ हातात घेतलेला होता. तो तसाच धरून ती महालक्ष्म्यांकडे पाहत राहिली. मग लुपेच्या ओटीत नारळ घातला, तांदूळ घातले, खण घातला. "असू द्या. आमचे मालक तरी कुठं हायेत? चार वर्षं झाले. आधारकार्डावर नाव हाय तेवढं. महालक्ष्मीला काय, सगळं दिसायलंय."

लुपेने विचारलं, काय चाललंय? मी सगळं सांगितलं, माझ्या थापेसकट. ती इतकी हसली की ओटीतले तांदूळ सांडले.

मग तिने शकुंतलाच्या मुलीला जवळ बोलावलं. "आई सेकंड शिफ्टला गेली की तुला जेवायला कोण देतं?"

"शेजारची रेखामावशी," मुलगी म्हणाली. "ती पण आईच्याच लाइनला हाय. आई सेकंडला असली की ती फर्स्टला. ती सेकंडला असली की आई फर्स्टला. एक आठवडा ही, एक आठवडा ती."

हे मी लुपेला सांगितलं. शब्दाला शब्द, भर नाही, गाळणं नाही. लुपेने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

शकुंतला मुलीची वेणी घालायला बसली होती. लाल रिबीन गुंडाळत होती, घट्ट, कारण शाळेत सुटते. लुपे पुढे सरकली, शकुंतलाच्या हातातून वेणी घेतली आणि रिबीन सोडवली. केसांची जुडी डाव्या मुठीत धरली. मूठ अर्धी फिरवली, सैल केली. मग त्यावरून रिबीन चढवली, जरा ढिली. मुलीच्या हनुवटीला धरून मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर-खाली केली. वेणी मानेबरोबर फिरत होती. एकही केस ताणला गेला नाही.

शकुंतलाने रिबीन सोडली आणि स्वतः करून पाहिलं. लुपेने मान हलवली, नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही. मुलगी ओरडली, "आई, टकली होईन मी!" चौथ्या वेळी लुपेने हात मागे घेतला.

दोघी बाया एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. मला काम नव्हतं. मी तिसरी पोळी घेतली.

तिसरा नमुना पास झाला. गाडे साहेबांनी अहवालात लिहिलं, टेपचा पुरवठादार बदलल्यामुळे दर्जा सुधारला. तो अहवाल मीच स्पॅनिशमध्ये केला, शब्दाला शब्द. चाळीस जणींचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पेढे वाटले गेले. कागदावरच्या चित्रात आजही पीळ नाही.

ही लाइन कुठून आली हे मात्र मी बायकांना कधी सांगितलं नाही. कुणी बोललं नव्हतं, म्हणून मीही बोलले नाही. नियमाआड लपायला फार बरी जागा असते. दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी गाडीत लुपे म्हणाली, "तिकडची लाइन शुक्रवारी बंद झाली." मी ठीक आहे म्हणाले.

लुपेच्या शेवटच्या दिवशी गाडे साहेबांनी खास परवानगी देऊन तिला मोबाइल लाइनवर नेऊ दिला. सकाळच्या नाश्त्याची सुट्टी संपत आलेली. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, चायो स्वयंपाकघरात बसलेली. लुपेसारखीच, फक्त जाड आणि पांढऱ्या केसांची. सगळ्या जणी पडद्याभोवती गोळा झाल्या. "लुपाताईंची बहीन, बगा बगा!"

लुपेने शकुंतलाला खूण केली. शकुंतलाने एक जुडी बांधून दाखवली. डावा हात नळीपाशी आला, अर्धा फिरला, मोकळा झाला.

"हा पीळ चायोचा आहे," लुपे म्हणाली. मी सांगितलं.

शकुंतलाने पडद्याला हात जोडले. "ताई, लई उपकार झाले. तुमचीबी लाइन जोरात असंल ना?"

मी विचारलं. चायो म्हणाली, "बंद झाली. ते काम तुमच्याकडे आलं. मी आता घरीच असते."

तेही मी सांगितलं. लुपाताईंना निरोप द्यायला सेकंड शिफ्टच्या आधीच आलेल्या रेखाने शकुंतलाच्या खांद्यावर हात ठेवला.

चायो पडद्याच्या जवळ आली. लुपेला म्हणाली, "मोबाइल खाली धर. तिचे पाय दाखव." लुपेने धरला. चायोने पाहिलं.

"सांग तिला," ती म्हणाली, "पीळ देताना सगळा भार डाव्या पायावर येतो. कळत नाही, पण येतो. माझा गुडघा त्यानेच गेला. दर दहाव्या जुडीला पाय बदल म्हणावं."

मी सांगितलं. सुट्टी संपल्याची बेल झाली आणि बोर्डांचा पट्टा सुरू झाला. शकुंतलाने भार उजव्या पायावर घेतला आणि पुढची वायर उचलली.